हा निळा पडदा आपला नाही

प्रश्न वरवर छोटा वाटेल. संगणकाची जुनी झालेली भाषा शिकत राहायची, की ती सोडून पुढे जायचे? चळवळीच्या बैठकीत हा विषय सहसा निघत नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह, अत्याचार यांवर आपण रात्र-रात्र बोलतो आणि ते बोललेच पाहिजे. पण प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती खात्यात जमा झाली, त्यानंतर वर्गात आपल्या मुला-मुलीच्या हातात नेमके काय दिले जाते? दारापर्यंतची लढाई आपण लढायची आणि दाराच्या आत काय चालले आहे ते व्यवस्थेवर सोपवायचे, हे आता चालणार नाही. म्हणून हा लेख.

आम्ही नगर जिल्ह्यात काम करतो. कागदोपत्री तो आता अहिल्यानगर झाला आहे. विहारातल्या अभ्यासिका, वसतिगृहे, वस्तीतले वर्ग यांच्या निमित्ताने अकरावी-बारावीची, बीसीए-बीएस्सीची मुले-मुली सतत भेटतात. त्यांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या आम्ही चाळतो. कितीतरी वह्यांत एकच ठेवण दिसते. पहिली ओळ ‘आयओस्ट्रीम डॉट एच’, दुसरी ‘कोनिओ डॉट एच’, मग ‘व्हॉइड मेन’, मग पडदा पुसण्याची आज्ञा आणि शेवटी ‘गेट-सीएच’. सगळे तोंडपाठ. ही ओळ का लिहिली, असे विचारले की उत्तर ठरलेले : “सरांनी सांगितलंय. नाही लिहिली तर मार्क जातात.”

हे सगळे ज्या साधनावर चालते त्याचे नाव टर्बो सी प्लस प्लस. बोरलँड या अमेरिकी कंपनीने ते १९९० साली बाजारात आणले. आपल्याकडे प्रयोगशाळांतून फिरणारी ३.० ही आवृत्ती त्यानंतर लवकरच आली. तो डॉसचा काळ होता. निळा पडदा, त्यावर पिवळी-पांढरी अक्षरे. आज बारावीत असलेल्या मुलीच्या जन्माच्या कितीतरी वर्षे आधी हे साधन तयार झाले होते. सी प्लस प्लस या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले १९९८ साली, म्हणजे टर्बो त्या प्रमाणाच्याही आधीचे. साहजिकच त्यानंतरची भाषा त्याला कळत नाही. ‘नेमस्पेस’ त्याला माहीत नाही. खरे-खोटे साठवणारा ‘बूल’ त्याला ओळखता येत नाही. उलट ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ ही ओळ आजच्या कंपायलरला दिली तर तो चूक दाखवून थांबतो. ‘व्हॉइड मेन’ तर प्रमाण सी प्लस प्लसने कधीच मान्य केलेले नाही. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर टर्बो सरळ चालतही नाही. डॉसबॉक्स नावाचे सॉफ्टवेअर टाकून आधी जुन्या संगणकाचे सोंग उभे करावे लागते आणि त्या सोंगाच्या आत हा निळा पडदा उघडतो.

एक उदाहरण पाहा. दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी २०,००० रुपये शिष्यवृत्ती मिळाली, तर एकूण किती? एवढा साधा प्रोग्रॅम टर्बोमध्ये ‘इंट’ वापरून लिहा. उत्तर ४०,००० येणार नाही. पडद्यावर उणे २५,५३६ दिसेल. कारण टर्बोमध्ये पूर्णांकाला दोनच बाइटची जागा आहे. आकडा ३२,७६७ च्या वर गेला की उलटा फिरून ऋण होतो. आजच्या कंपायलरमध्ये याच पूर्णांकाला सहसा चार बाइट मिळतात आणि मर्यादा २१४ कोटींच्या पुढे जाते. ज्या मुलाला हे कुणी समजावून सांगतो, तो यातून संगणकाची स्मृती कशी चालते ते शिकतो. ज्याला कुणी सांगत नाही, त्याला वाटते आपलेच गणित कच्चे आहे. आणि आपल्या मुलांना असे वाटायला वेळ लागत नाही. ‘तुला जमणार नाही’ हे पहिलीपासून या ना त्या तोंडातून त्यांनी ऐकलेले असते.

आता कुणी म्हणेल, हे तर सगळ्याच मुलांना शिकवतात, यात जात कुठून आणली? अभ्यासक्रमाच्या पुस्तकात जात छापलेली नसते हे खरे. पण ज्याच्यापुढे दुसरा पर्याय आहे आणि ज्याच्यापुढे नाही, त्या दोघांची यादी करा आणि मग बोला. याच जिल्ह्यात केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. त्या मंडळाने २०१० च्या दशकाच्या अखेरीस अकरावी-बारावीच्या संगणक विज्ञानातून सी प्लस प्लस काढून पायथॉन आणले. राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानातला संगणक विज्ञान हा २०० गुणांचा द्विलक्ष्यी विषय मात्र सी प्लस प्लस आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर यांच्याभोवती वर्षानुवर्षे फिरत राहिला. हा ८०८५ इंटेलने १९७६ साली काढला. गंमत अशी की याच राज्य मंडळासाठी माहिती तंत्रज्ञान या दुसऱ्या विषयाची अकरावीची नवी पुस्तके २०१९ मध्ये आणि बारावीची २०२० मध्ये आली आणि त्यांतून एचटीएमएल ५, जावास्क्रिप्ट, पीएचपी शिकवायला सुरुवात झाली. म्हणजे बदल करता येतो. मंडळाला ते जमते. मग एका विषयाला जमले ते दुसऱ्याला का जमू नये, हा प्रश्न विचारायला हवा.

आणि एकाच वर्गात बसलेल्या दोघांचेही सारखे नसते. एकाच्या घरी लॅपटॉप आहे, चुलतभाऊ हिंजवडीला नोकरीला आहे, मामा सांगतो की हे टर्बो परीक्षेपुरते कर आणि घरी पायथॉन शिक. त्या मुलासाठी टर्बोचा तास म्हणजे चाळीस मिनिटांचा उपचार. दुसरा मुलगा पाथर्डी-जामखेडकडच्या ऊसतोड कुटुंबातला, समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणारा. त्याच्या आयुष्यातला संगणक म्हणजे कॉलेजातला तोच, आठवड्यातून एकदा, तोही दोघांत एक. त्याला वाटते हेच प्रोग्रॅमिंग. दोघांच्या ताटात एकच शिळी भाकरी पडते. पण एकाच्या घरी ताजा स्वयंपाक तयार आहे आणि दुसऱ्याचे जेवण एवढेच आहे. तीन वर्षांनी पुण्यात मुलाखतीला दोघे शेजारी बसतात. समोरचा माणूस एक साधा प्रोग्रॅम लिहायला सांगतो. ‘कोनिओ डॉट एच’ने सुरुवात करणारा कोण असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

या सगळ्यावर बाजू मांडणारे शिक्षक आणि मित्र आम्हाला भेटतात. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पहिला मुद्दा गुणांचा. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहिले नाही तर गुण जातात आणि गरिबाच्या पोराला एकेक गुण महाग आहे. हे खरे आहे. दुसरा मुद्दा शिक्षकांचा. विनाअनुदानित तुकड्यांवर अनेक जण तासिका तत्त्वावर राबतात, त्यांचे मानधन महिनोन्महिने थकते, प्रशिक्षण कुणी देत नाही. त्यांनी स्वतःच्या खर्चाने दर दोन वर्षांनी नवे शिकावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? हेही खरे आहे. तिसरा मुद्दा : संगणकच जुने आहेत, त्यांवर नवे काही चालत नाही. आणि चौथा मुद्दा सर्वात वजनदार. मूलभूत ते मूलभूतच, लूप तो लूपच, तर्क एकदा पक्का झाला की भाषा कोणतीही चालते.

यातला तिसरा मुद्दा तपासला तर टिकत नाही. सी आणि सी प्लस प्लससाठी जीसीसी हा कंपायलर फुकट मिळतो. लिनक्सची हलकी आवृत्ती टाकली तर आठ-दहा वर्षे जुन्या संगणकावरही तो व्यवस्थित चालतो. विंडोजच ठेवायचे असेल तर कोड ब्लॉक्स आहे, तेही फुकट. पायथॉन फुकट. एक रुपया न खर्चता, एक नवा संगणक न घेता, पुढच्या सोमवारी निळा पडदा बंद करता येतो. अडले आहे ते यंत्रापाशी नाही.

चौथ्या मुद्द्यातले अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्याला आमचा पाठिंबा आहे. लूप, अ‍ॅरे, फंक्शन, पॉइंटर हे शिकलेच पाहिजे. ८०८५ वर दोन आकड्यांची बेरीज शिकताना रजिस्टर म्हणजे काय ते कळते. शिकवणारा चांगला असेल तर त्या जुन्या चिपइतके साफ उदाहरण सापडणे अवघड. पण ‘गेट-सीएच’ हे मूलभूत ज्ञान नव्हे. ‘क्लिअर-स्क्रीन’ हे मूलभूत ज्ञान नव्हे. प्रोग्रॅम संपताच टर्बोची निळी खिडकी परत समोर येऊन उत्तर दिसेनासे होते, म्हणून कुणीतरी काढलेली ती पळवाट आहे. पळवाट पुढच्या पिढीला नियम म्हणून शिकवली गेली आणि त्याच्या पुढच्या पिढीला परंपरा म्हणून. कारण विसरले, विधी उरला. ग्रंथात आहे म्हणून खरे आणि गुरूने सांगितले म्हणून बरोबर, हे आपण देवळाच्या दारात नाकारले. प्रयोगशाळेच्या दारात ते निमूट मान्य करायचे कारण नाही.

मग जुने सगळे टाकायचे का? नाही, आणि इथे आपल्या तरुणांनी नीट थांबून विचार करावा. जुने की नवे, हा कस लावण्यात अर्थ नाही. आम्ही मुलांना दुसरा प्रश्न विचारायला सांगतो : “हे बाहेर कुठे चालते?” परीक्षेच्या हॉलच्या बाहेर, खऱ्या जगात, कुणाचे काम या भाषेवर होते?

या प्रश्नावर कोबोल पास होते. १९५९ साली आखलेली ही भाषा. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने लाखो लोकांचे रोजगार गेले तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीर आवाहन केले की कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावे. बेकारभत्त्याची यंत्रणा जुन्या यंत्रांवर चालत होती आणि अर्जांचा लोंढा तिला पेलत नव्हता. साठी उलटलेल्या भाषेवर माणसांचे पोट अवलंबून होते. जगातल्या कित्येक बँकांचे व्यवहार आजही कोबोलवर होतात. तेव्हा कुणी कोबोल मनापासून शिकत असेल तर त्याला हसू नका. त्याला काम आहे.

सी हीदेखील पास होते. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी ती घडवली. लिनक्सचा गाभा आजही प्रामुख्याने सीमध्ये लिहिला जातो. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सवर उभा आहे. ज्या पायथॉनची आपण एवढी भलामण करतो, त्याचा सर्वात प्रचलित इंटरप्रिटर सीमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे टर्बो सोडा म्हणताना आम्ही सी सोडा म्हणत नाही. भाषा वेगळी आणि ती शिकवण्याचे मोडके अवजार वेगळे. हा फरक कळला नाही तर आपण पाण्याबरोबर भांडेही फेकून देऊ.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. नगर म्हणजे सहकाराची पंढरी, असे सांगितले जाते. प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून गल्लोगल्लीच्या पतसंस्थांपर्यंत. महाराष्ट्रातल्या अशा कित्येक छोट्या संस्थांचे हिशेब वर्षानुवर्षे फॉक्सप्रो आणि व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालले. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक ६ चा आधार २००८ साली काढून घेतला, व्हिज्युअल फॉक्सप्रोचा २०१५ साली. दुसरीकडे केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांसारख्या संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद ठरली. या संस्थांनी एका समान सॉफ्टवेअरवर यायचे आहे. जुनी माहिती जुन्या फाइलींतून काढून, तपासून नव्यात भरणे हे मोठे काम आहे. ते करणाऱ्याला दोन्ही तीर माहीत असावे लागतात : फॉक्सप्रोची फाइल वाचता आली पाहिजे आणि पायथॉन, एसक्यूएलही आले पाहिजे. हे काम कोण करणार? संचालक मंडळावर आपली माणसे किती, हा प्रश्न आहेच. पण त्या संस्थेचे संगणक चालवणाऱ्या खोलीतही आपली माणसे नसतील, तर तो दोष फक्त पाटलांवर टाकून भागणार नाही. तिथे शिरायला लागणारे ज्ञान मिळवावे लागेल.

आता याच कसावर टर्बोला उभे करा. टर्बो सी प्लस प्लसवर आज कोणती बँक चालते? कोणता कारखाना, कोणते रुग्णालय, कोणते ॲप? उत्तर शोधायला बसलात तर एकच जागा सापडते : परीक्षेचा हॉल. जी गोष्ट केवळ परीक्षेसाठी जिवंत ठेवली आहे, ती मुलाला कामाच्या दारात पोहोचवत नाही. म्हणून कोबोलला आमचा नमस्कार आणि टर्बोला निरोप.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन त्यांनी सरकारला दिले. त्यात शिक्षणाची मागणी नुसती मोघम नव्हती. कला आणि कायद्याचे शिक्षण या समाजाला तितके पुढे नेणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानातले वरच्या दर्जाचे शिक्षण हवे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने इथे आपली मुले उमेदवार म्हणून घ्यावीत, हेही मागितले. छापखाना आणि रेल्वे का? कारण त्या काळी चालते काम तिथे होते. बाबासाहेबांनी प्रमाणपत्र मागितले नाही, चालत्या यंत्राजवळची जागा मागितली. आजचा छापखाना आणि आजची रेल्वे म्हणजे चालती संगणकप्रणाली. बंद पडलेल्या यंत्राजवळ बसवून आपल्याला तंत्रशिक्षण दिले, असे कुणी सांगत असेल तर ते मान्य करू नका.

पण दुसऱ्या टोकाचा सापळाही तितकाच खरा आहे. तालुक्याच्या स्टँडसमोर फलक लागले आहेत : पायथॉन, डेटा सायन्स, एआय, तीन महिन्यांत नोकरीची हमी, फी हजारांत. आई-बापांनी मंगळसूत्र गहाण ठेवून, बचत गटाचे कर्ज काढून भरलेली ही फी आम्ही पाहिली आहे. मुलाला हमीच्या नावाखाली एक चकचकीत कागद मिळाला. आत तोच प्रकार होता, फक्त पाठ करायच्या ओळी बदलल्या होत्या. टर्बोचे घोकणे जाऊन पायथॉनचे घोकणे आले तर आपण एक इंचही पुढे सरकलो नाही. शिवाय आजचे नवे उद्या जुने होणारच. पायथॉनचेच पाहा : त्याची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे संपली. ज्यांनी ती समजून घेतली होती ते थोड्या दिवसांत तिसरीवर गेले. ज्यांनी पाठ केली होती ते अडकले.

मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात भगवान बुद्धांनी तराफ्याची उपमा दिली आहे. नदी ओलांडायला माणसाने तराफा बांधला. पलीकडे पोहोचल्यावर, याने आपल्याला तारले म्हणून तो डोक्यावर घेऊन चालत राहणे शहाणपणाचे आहे का? बुद्धांनी ही उपमा स्वतःच्या धम्मासाठी वापरली. ज्याने आपल्या शिकवणीलाही तराफा म्हटले, त्याच्या अनुयायांनी एका कंपनीच्या १९९० च्या सॉफ्टवेअरला डोक्यावर घेऊन फिरावे? पण याच उपमेचा दुसरा अर्थही विसरू नका. नदी ओलांडल्याशिवाय तराफा सोडायचा नसतो. मधल्या धारेत, एक भाषा अर्धवट टाकून दुसरीवर उडी मारणारा बुडतो. आधी एक भाषा पार करा. मग तिला निर्धास्त सोडा.

आता करायचे काय? आम्ही पाच गोष्टी सुचवतो.

पहिली, दोन वह्या ठेवा. एक परीक्षेची, एक कामाची. परीक्षेच्या वहीत मंडळाला हवे तसे लिहा, गुण सोडू नका. तोच प्रोग्रॅम त्याच रात्री कामाच्या वहीत आजच्या सी प्लस प्लसमध्ये किंवा पायथॉनमध्ये पुन्हा लिहा. दोन्हींत फरक कुठे पडला आणि का पडला, ते मराठीत दोन ओळींत टिपून ठेवा. फरक शोधायची सवय लागली की नव्या भाषेची भीती जाते.

दुसरी, मराठीतून शिका. इंग्रजी येत नाही म्हणून प्रोग्रॅमिंग जमणार नाही, हा न्यूनगंड फेकून द्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, सी प्लस प्लस, लिनक्स, पायथॉन यांचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. इंग्रजी पुढे शिकायचीच आहे, पण पहिला लूप समजायला ती आडवी येता कामा नये.

तिसरी, विहारातली अभ्यासिका जागी करा. आपल्या जिल्ह्यात गावोगाव विहार आहेत. स्पर्धा परीक्षेची पुस्तके तिथे असतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांच्या शेजारी दोन जुने संगणक, त्यांवर लिनक्स, आणि रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तासांचा वर्ग, एवढे होऊ शकते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेला जेवढे पैसे जातात तेवढ्यात वापरलेले दोन-तीन संगणक सहज येतात. मिरवणूक काढू नका असे आम्ही म्हणत नाही. हिशेब मांडा एवढेच म्हणतो. पुण्या-मुंबईला आयटीत गेलेल्या आपल्या मुला-मुलींनी महिन्यातला एक रविवार गावाला द्यावा. पैशापेक्षा तो वेळ मोलाचा आहे.

चौथी, शिक्षकांच्या बाजूने उभे राहा. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले ते याच नगरमध्ये, मिस सिंथिया फरार यांच्या संस्थेत. आधी शिक्षिका घडली, मग विद्यार्थिनी घडल्या. आज तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला प्रशिक्षण न देता त्याच्याकडून नवी भाषा शिकवून घेण्याची अपेक्षा म्हणजे फसवणूक आहे. प्रशिक्षणाचे दिवस पगारी धरा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी शिक्षकांच्या सोबतीने केली पाहिजे. केरळने हे करून दाखवले. तिथल्या सरकारी शाळांनी २००० च्या दशकातच मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. मल्याळम माध्यमाची मुले आज शाळेत लिनक्स वापरतात. तिथल्या सरकारी शाळेला जे जमले ते आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला अशक्य नाही.

पाचवी, प्रश्न कागदावर विचारा. २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्याकडे आहे. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात संगणक किती, चालू किती, विद्यार्थ्यांकडून प्रयोगशाळेची फी किती घेतली आणि खर्च किती केली, प्रॅक्टिकलसाठी कोणते सॉफ्टवेअर वापरले जाते, हे विचारणारा एक अर्ज प्रत्येक तालुक्यातून जाऊ द्या. चौदा तालुके, चौदा अर्ज. आलेली उत्तरे एकत्र करून मंडळाच्या पुणे विभागीय कार्यालयापुढे ठेवू. मागणी साधी असेल : संगणक विज्ञानाचा अभ्यासक्रम नव्याने लिहा. तो लिहून होईपर्यंत निदान एवढा आदेश काढा की १९९८ च्या प्रमाणानुसार लिहिलेल्या बरोबर उत्तराचा एकही गुण कापला जाणार नाही. या एका आदेशाने शिक्षकाची भीती जाईल, विद्यार्थ्याची दुसरी वही पहिली होईल आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून काहीही जाणार नाही.

निळा रंग आपल्या ध्वजाचा आहे, म्हणून प्रत्येक निळी गोष्ट आपली होत नाही. येत्या जूनमध्ये कॉलेज सुरू होईल, पहिले प्रॅक्टिकल लागेल, डॉसबॉक्स उघडेल. तेव्हा हात वर करून नम्रपणे विचारा : “सर, हे बाहेर कुठे चालतं?” सरांकडे उत्तर असेल तर मनापासून शिका. उत्तर नसेल तर सरांनाही सोबत घ्या आणि तो अर्ज लिहायला बसा.

जय भीम!